गाडी हातात राहावी म्हणून : सस्पेंशनची घरच्या घरी सुधारणा

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आज स्टेअरिंगमागे बसतात. कोणी तुळजापूरच्या यात्रेकरूंची ने-आण करतो, कोणी पुण्यात कंपनीच्या कर्मचाऱ्यांची गाडी चालवतो, तर कोणी शिक्षिका, ग्रामसेवक वा परिचारिका होऊन हप्त्यावर घेतलेल्या जुन्या मोटारीने कुटुंबासह सुट्टीला गावी येतो. घरातील पहिली मोटार ही आमच्या पिढीला अपूर्वाईची गोष्ट होती. तुमच्या पिढीची ती गरज झाली आहे. माजी विद्यार्थी मेळाव्याला आले की मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्यांभोवती एक चर्चा हमखास रंगते. गाडी वळणावर झुकते, स्टेअरिंगला उशिरा ऐकते, वेगात डुलते. मग स्प्रिंग कापून ती खाली बसवावी, की कडक शॉकअप टाकावेत? जो तो ऐकलेले सांगतो. या प्रश्नाचे उत्तर ऐकीव माहितीवर न सोडता मुळापासून तपासावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. आम्ही पेशाने इतिहासाचे शिक्षक. परंतु स्वतःच्या जुन्या गाडीची ही कामे सहकारी शिक्षकांच्या मदतीने अंगणात करत आलो आहोत.

आमचा निष्कर्ष आरंभीच सांगतो. गाडी वळणावर चोख चालते ती केवळ कडकपणामुळे नव्हे, तर चारही टायर रस्त्याला नीट टेकून राहिल्यामुळे. म्हणून सुधारणेचा क्रम असा असावा : आधी टायर, मग झिजलेले सांधे, त्यानंतर शॉकअप, आणि सर्वांत शेवटी, खरोखर गरज असेल तरच, स्प्रिंग. हा क्रम उलटा केला तर पैसा वाया जातो आणि प्रसंगी माणसेही जातात.

स्प्रिंग आणि शॉकअप : दोघांची कामे वेगळी

बैलगाडीच्या आसाला स्प्रिंग नसते. चाकाखालच्या प्रत्येक दगडाचा हिसका थेट बसणाऱ्याच्या पाठीला पोहोचतो. घोड्याच्या बग्गीला पोलादी पाटे आले आणि हा हिसका सौम्य झाला. स्प्रिंग जितकी ताणावी वा दाबावी तितक्या प्रमाणात तिचा विरोध वाढतो, हा नियम रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. आजही प्रत्येक मोटारीचे सस्पेंशन याच नियमावर उभे आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे पाटे असत. जुन्या जीपला चारही चाकांवर पाटेच होते. आजच्या बहुतेक लहान मोटारींना पुढील बाजूस 'मॅकफर्सन स्ट्रट' असतो. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याने १९४० च्या दशकात विकसित केलेल्या या रचनेत स्प्रिंग व शॉकअप एकाच उभ्या दांड्यावर बसवलेले असतात.

स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का स्वतःमध्ये साठवते. पण साठवलेला धक्का ती परत देते. केवळ स्प्रिंगवर उभी असलेली गाडी एका गतिरोधकानंतर कितीतरी वेळ वरखाली होत राहील. हे डोलणे थांबवण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या हलला की ते तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि हालचालीची शक्ती उष्णतेत बदलून विरते. यास्तव 'गाडी डुलते, म्हणून स्प्रिंग कडक करा' हा सल्ला मुळातच चुकीचा आहे. डुलणे हा बहुधा थकलेल्या शॉकअपचा दोष असतो.

तिसरा घटक म्हणजे पुढील दोन चाकांना जोडणारा पोलादी दांडा, स्टॅबिलायझर बार. दोन्ही चाके एकदम वर गेली तर तो नुसता फिरतो; वळणावर एकच बाजू दबली तर तो पिळला जातो आणि गाडीचे झुकणे रोखतो. या सर्व भागांचे सांधे रबरी बुश आणि बॉल जॉइंट यांनी जोडलेले असतात. गाडी जुनी झाली की सर्वप्रथम झिजतात ते हेच सांधे.

वळणावर काय घडते?

आता थोडे गणित करू. गाडीचे वजन १००० किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १४० सेंटिमीटर धरा. वळणावर गाडीला बाहेर रेटणारा जोर तिच्या वजनाच्या ०.४ पट आहे असे समजा. आतील चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार म्हणजे १००० गुणिले ०.४ गुणिले ५०, भागिले १४०. उत्तर सुमारे १४३ किलो. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना प्रत्येकी ५०० किलो भार होता. वळणावर तो बाहेर ६४३ आणि आत ३५७ झाला.

या गणितात स्प्रिंगचा कडकपणा कोठेही आलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. स्प्रिंग कितीही कडक केली तरी एकूण सरकणारा भार जवळजवळ तेवढाच राहतो. कडकपणाने बदलतात त्या दोन गोष्टी. पहिली, गाडी किती झुकते. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, सरकलेल्या भारातील किती वाटा पुढच्या चाकांना आणि किती मागच्या चाकांना मिळतो. टायरवरील भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. ती त्याहून कमीच वाढते. म्हणून ज्या टोकाला भार अधिक सरकतो त्या टोकाची एकूण पकड घटते. पुढची बाजू अधिक कडक असेल तर गाडीचे तोंड वळणाबाहेर ओढले जाते. मागची बाजू अधिक कडक असेल तर शेपूट बाहेर फिरते. कारखान्यातून येणारी सामान्य मोटार पहिल्या प्रकाराकडे झुकणारी ठेवलेली असते, कारण तोंड बाहेर जाऊ लागले तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून साधा चालकही तिला सावरू शकतो. फिरलेले शेपूट सावरणे बहुतेकांना साधत नाही. जास्त माणसे बसावीत म्हणून केवळ मागे कडक स्प्रिंग टाकणारे हा समतोल नकळत उलटवतात, आणि त्याची किंमत पावसाळ्यातील पहिल्या ओल्या वळणावर मोजावी लागते.

भाराची वाटणी हा विषय आपल्या परिसराला नवा नाही. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झालेली आणि पुढे येडशीमार्गे लातूरपर्यंत गेलेली बार्शी लाइट रेल्वे अनेकांच्या आजोबांनी पाहिली आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने अवघ्या अडीच फूट रुंदीच्या या हलक्या लोहमार्गासाठी इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ नये असे बंधन घातले आणि भार अधिक आसांवर सारखा वाटून दिला. मार्ग दुबळा असेल तर वाटणी नेमकी हवी, ही त्यामागची समज होती. मोटारीलाही ती तितकीच लागू पडते.

याच गणितातून एक फुकटची सुधारणा निघते. छतावरचा कॅरिअर आणि त्यावरचे सामान यांमुळे गुरुत्वमध्य ५० ऐवजी ६० सेंटिमीटरवर गेला, तर १४३ किलोऐवजी सुमारे १७१ किलो भार सरकेल. कॅरिअर काढून ठेवणे आणि जड सामान डिकीत तळाशी ठेवणे याला एक रुपयाही लागत नाही. वेगाचेही तसेच. बाहेर रेटणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. एकाच वळणावर ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर वेग ठेवला तर तो सव्वादोन पट होतो. इतकी भर भरून काढणारे सस्पेंशन कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आपले रस्ते आणि कडक गाडी

धाराशिव जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लाटांसारखा होतो. ऊस हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पडतात. अशा रस्त्यावर अतिकडक स्प्रिंगची गाडी लाटेच्या माथ्यावर चाक उचलते. हवेत असलेला टायर गाडी वळवूही शकत नाही आणि थांबवूही शकत नाही. शर्यतीच्या गुळगुळीत धावपट्टीवर जे सस्पेंशन उत्तम ठरते ते येथे घातक ठरू शकते. उलट उदाहरण फ्रान्सचे. सित्रोएन कंपनीने १९४८ साली सादर केलेली टूसीव्ही ही मोटार नांगरलेल्या शेतातून अंडी न फुटता नेता यावीत अशा अपेक्षेने शेतकऱ्यांसाठी रचलेली होती. ती वळणावर भरपूर झुके. परंतु तिची चाके जमीन सोडत नसत, म्हणून ती चालकाच्या हातात राही.

गाडी खाली बसवण्याचाही असाच विचार करावा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी. प्रत्यक्षात गावोगावचे गतिरोधक याहून उंच व अरुंद आढळतात. पाच माणसे बसल्यावर आधीच दबलेली मोटार आणखी तीन-चार सेंटिमीटर खाली आणली, तर इंजिनखालचे तेलपात्र फुटण्याची वेळ दूर नसते.

पहिली पायरी : तपासणी

गाडी थंड असताना टायरमधील हवा मोजा आणि चालकाच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. हवा कमी असेल तर टायरची भिंत वळणावर दुमडते आणि गाडी स्टेअरिंगला उशिरा ऐकते. अनेकांची तक्रार येथेच मिटते. नक्षीची खोली पाहा. मोटारीसाठी ती किमान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे. पावसाळ्यासाठी याहून अधिक असलेली बरी. टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज दिसली तर शॉकअप थकल्याची ती खूण समजावी.

नंतर गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडा. तो एकदा वर येऊन स्थिरावला पाहिजे. दोन-तीनदा हेलकावला तर शॉकअप संपला आहे. मात्र न हेलकावणे हा तो निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. म्हणून नळीवर तेलाचा ओघळ आहे का, तेही पाहावे. पुढील चाक उचलून ते वर-खाली आणि डावे-उजवे धरून हलवा. वर-खाली धरल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग, आणि डावे-उजवे धरल्यावर जाणवला तर स्टेअरिंगचा सांधा संशयित ठरतो. बॅटरीच्या उजेडात लोअर आर्मचे बुश बघा. रबर भेगाळलेले वा धातूपासून सुटलेले असेल तर ते बदलावे लागेल.

दुसरी पायरी : सांधे

स्टॅबिलायझर बारच्या लिंक आणि रबर हे सर्वांत स्वस्त आणि घरी सहज बदलता येणारे भाग आहेत. झिजलेल्या लिंकमुळे बार काम सुरू करण्यापूर्वीच गाडी झुकून जाते. नव्या लिंक लावल्यावर गाडी लगेच ताठ उभी राहिल्यासारखी वाटते आणि प्रवाशांना मात्र कडकपणा जाणवत नाही.

कोणतेही काम सुरू करण्यापूर्वीचे नियम मोडू नयेत. गाडी सपाट व टणक जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, उचलायच्या नसलेल्या चाकांना पुढून-मागून दगड वा लाकडी पाचर लावा. अंगण काळ्या मातीचे असेल तर जॅक भाराने खचतो आणि तिरपा होतो. त्याच्याखाली रुंद जाड फळी घ्या. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. भार स्टँडवर घ्या आणि काढलेले चाक आडवे करून गाडीच्या कडेखाली सरकवा. काही निसटलेच तर तेवढी जागा जीव वाचवते. चाकाचा भाग मोकळा झाल्यावर तो ब्रेकच्या रबरी नळीवर किंवा एबीएसच्या तारेवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधून ठेवा.

लोअर आर्मच्या बुशाबाबत एक गोष्ट नवशिक्यांना ठाऊक नसते. त्याचे बोल्ट चाके लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. गाडीचा भार चाकांवर आल्यानंतर, तिच्या नेहमीच्या उंचीवर अखेरचा आवळ द्यावा. अन्यथा रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. आवळ मोजणारा टॉर्क पाना भाड्याने वा उसना मिळवावा आणि कंपनीच्या पुस्तिकेतील आकडा पाळावा. नायलॉनची कडी असलेले नट नवेच वापरावेत.

तिसरी पायरी : शॉकअप

येथे खऱ्या अर्थाने सुधारणा घडते. मूळ दर्जाचे नवे शॉकअप किंवा थोडे घट्ट, नायट्रोजन वायू भरलेले शॉकअप घेता येतात. वायूच्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही आणि लांबच्या खराब रस्त्यावरही त्यांचे काम मंदावत नाही. एका आसावरचे दोन्ही शॉकअप एकाच वेळी बदलावेत; एक जुना व एक नवा असल्यास गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते.

मागे ज्या गाड्यांची स्प्रिंग व शॉकअप वेगवेगळे असतात, त्यांचे काम दोन माणसे घरी करू शकतात. आस खाली जॅकने पेलून धरावा आणि वरचा व खालचा बोल्ट सोडवावा. पुढील स्ट्रटची गोष्ट निराळी आहे. त्यातील दाबलेली स्प्रिंग गाडीच्या एका कोपऱ्याचे दोन-अडीचशे किलो वजन पेलणारी असते. कॉम्प्रेसरने ती पूर्ण आवळण्यापूर्वी माथ्यावरचा मधला नट सोडला, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. म्हणून आमचा सल्ला असा की स्ट्रट अंगणात काढावा, परंतु स्प्रिंग उतरवण्या-बसवण्यासाठी तो गॅरेजमधील यंत्रावर न्यावा. तेवढ्या कामाची मजुरी अल्प असते. स्ट्रट काढण्यापूर्वी खालच्या दोन बोल्टांची जागा रंगाने खूण करून ठेवा, माथ्यावरचे रबर व बेअरिंग तपासा, आणि काम संपल्यावर गाडी थेट व्हील अलाइनमेंटला न्या. चाकांचा कोन जराही बदलला तर नवे शॉकअप असूनही गाडी भरकटते व टायर एका कडेने झिजतो.

शेवटची पायरी : स्प्रिंग आणि कायदा

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढतो. १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटरची तार घेतली तर बाकी सर्व मापे तीच असतानाही स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. दिसायला क्षुल्लक वाटणारा फरक गाडीचा स्वभाव पालटतो. म्हणून नवी स्प्रिंग घ्यायचीच झाली तर त्याच गाडीसाठी, पुढच्या-मागच्या जोडीने आणि जुळणाऱ्या शॉकअपसह तयार केलेला संच घ्यावा. करवतीने वा गॅसने मूळ स्प्रिंग कापणे हा प्रकार सर्वथा टाळावा. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, चाकाची वर जाण्याची जागा मात्र घटते. गॅसच्या उष्णतेने पोलादाचे पाणी जाते, आणि कापलेले टोक आपल्या बैठकीतून निसटू शकते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेला भाग मूळ दर्जाच्या भागाने बदलणे ही दुरुस्ती आहे. गाडीची उंची बदलणे याकडे त्या नजरेने पाहिले जाईलच असे नाही. एमएच २५ पासिंगची गाडी असो वा दुसऱ्या जिल्ह्याची, असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर विम्याचा दावा अडला तर त्याचा भार कुटुंबावर पडतो.

नोंदवही ठेवा

इतिहासाचा अभ्यास करताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की नोंद नसलेली आठवण कच्चा पुरावा होय. येथेही तेच. एका वेळी एकच बदल करा. तारीख, किलोमीटर, टायरमधील हवा, बसलेली माणसे आणि जाणवलेला फरक वहीत लिहा. त्याच ओळखीच्या रस्त्यावर, दिवसा, कायद्याच्या वेगात गाडी चालवून पाहा. पन्नास किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या गोष्टीने गुण आला आणि कोणत्या गोष्टीवर पैसा व्यर्थ गेला, हे कधीच कळणार नाही.

अखेरीस माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी जे मेकॅनिक आणि चालक झाले आहेत त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेला द्यावा. नववी-दहावीच्या मुला-मुलींना मैदानात एक चाक उचलून स्प्रिंग, शॉकअप आणि बॉल जॉइंट प्रत्यक्ष हाताळू द्यावेत; जॅक कसा लावावा आणि गाडीखाली कधी जाऊ नये हेही शिकवावे. विज्ञानाच्या पुस्तकातील बल, भार आणि ऊर्जा हे शब्द त्यांना त्या दिवशी हाताने कळतील. आणि पुढे त्यांच्या घरी मोटार येईल तेव्हा स्प्रिंग कापायला सांगणाऱ्याला 'का?' असे विचारण्याइतके ज्ञान त्यांच्यापाशी असेल.